फॅमिली सेडानला दोनशे हॉर्सपॉवर? आधी ब्रेकचं बोलू

प्रश्न असा आहे: "फोक्सवॅगनची व्हर्टस आणि स्कोडाची स्लाव्हिया चाकणला बनतात. दोन लिटरचं टर्बो इंजिन याच फोक्सवॅगन समूहाकडे तयार आहे. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस इथे आली की काही मिनिटांत संपते. मग या फॅमिली सेडानची खरी वेगवान, दोनशे हॉर्सपॉवरची आवृत्ती इथेच का बनवत नाहीत? बनवावी का? आणि मी तिच्यासाठी थांबू, की आहे ती दीड लिटरची जीटी घेऊन टाकू?"

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. या समूहात मी कधी काम केलेलं नाही. पिंपरी-चाकण पट्ट्यातच दुसरीकडे प्रॉडक्ट प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं काढली. नवी आवृत्ती काढायची की नाही, कितीला, किती, आणि कोणाचं डोकं खाऊन, हे ठरवणाऱ्या बैठकांमध्ये. "जास्त ताकदीची काढू या" हा प्रस्ताव तिथे दर दोन वर्षांनी कोणीतरी आणतंच. आणणारा बहुधा पंचविशीतला असतो आणि बहुधा त्याचं निम्मं बरोबर असतं.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: वेगवान आवृत्ती म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन. बाजारात मात्र एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली रंगरंगोटीची. व्हर्टसची जीटी प्लस स्पोर्ट २०२४ च्या ऑक्टोबरात आली ती याच जातीची: काळी ग्रिल, काळी चाकं, आतून लाल शिलाई, यंत्र तेच. मी हिला नावं ठेवणार नाही. खर्च कमी, नफा बरा, शोरूममध्ये गर्दी होते. दुसरी जात चालण्याची. ह्युंदाईने २०२१ मध्ये आय-२० एन लाइन आणली, तेव्हा इंजिन साध्या टर्बो आय-२० चंच ठेवलं, १२० पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). पण सस्पेन्शन कडक केलं, चारही चाकांना डिस्क दिल्या, स्टिअरिंगचं वजन आणि सायलेन्सरचा आवाज बदलला. तिसरी जात इंजिनाची, म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस. तुम्ही तिसरी मागताय. माझं उत्तर असं की बनवावी, पण दुसरी. तिसरी का नको, ते जरा सविस्तर सांगते, कारण "कंपन्या भित्र्या आहेत" हे त्याचं पुरेसं कारण नाही.

ऑक्टाव्हिया आरएसच्या किमती एकाखाली एक लिहून बघा. २०१७ साली आली ती २३० पीएसची, एक्स-शोरूम २४.६२ लाखांना. ती तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जुळवली जात होती. २०२० मध्ये २४५ पीएसची आली, बाहेरून पूर्ण तयार होऊन, फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाखांना. २०२५ च्या ऑक्टोबरात २६५ पीएसची, १०० गाड्या, ४९.९९ लाखांना. आठ वर्षांत ताकद ३५ पीएसने वाढली आणि किंमत दुप्पट झाली. महागाई आणि युरोचा भाव यांचा वाटा आहेच, पण मोठा वाटा गाडी कुठे जुळवली गेली याचा. सुटे भाग आणून इथे जुळवलं तर जकात कमी बसते. तयार गाडी आणली तर ४० हजार डॉलरच्या आतल्या गाडीवरही २०२३ च्या अर्थसंकल्पापासून मूळ जकातच ७० टक्के आहे. मग तयार का आणतात? साधी ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये इथे बंद झाली. जी गाडी जुळवण्याची लाइनच उरली नाही, तिची आरएस कोणत्या लाइनवर जुळवणार? शिवाय २०१८ पासून वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथली वेगळी मान्यता-चाचणी न करता आणायची मुभा आहे. शंभर गाड्यांसाठी तो मार्ग सोपा पडतो.

म्हणून "काही मिनिटांत संपते" यावरून मागणी मोजू नका. शंभर गाड्या संपल्या याचा अर्थ एवढ्या मोठ्या देशात शंभर माणसं सापडली. तीनशेवी गाडी विकायला किती दिवस लागले असते, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. आमच्या बैठकीत कोणी अशा मर्यादित आवृत्तीचा दाखला दिला की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: दुसऱ्या वर्षी महिन्याला किती? तिथे आवाज खाली यायचा.

आता तुम्ही म्हणाल, ऑक्टाव्हियाचं राहू द्या. व्हर्टस-स्लाव्हियाची लाइन चाकणला चालू आहे, जकातीचा प्रश्न नाही, तिथेच दोन लिटर बसवा. बसेल का? बसेल. ज्या प्लॅटफॉर्मची, म्हणजे मूळ सांगाड्याची, भारतीय आवृत्ती या गाड्यांखाली आहे, त्याच घराण्यातल्या युरोपातल्या पोलो जीटीआयमध्ये दोन लिटरचं इंजिन बसतं, २०७ पीएसचं. म्हणजे बोनेटखाली जागा नाही ही सबब चालणार नाही. अडतं ते इंजिनाच्या पुढे.

आजच्या जीटीमध्ये दीड लिटरचं टर्बो इंजिन आहे: १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर. त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सात गतींचा, कोरड्या दुहेरी क्लचचा, आणि त्याची सहनशक्तीही २५० न्यूटन-मीटरच आहे. हा योगायोग नाही. इंजिनाला त्या रेषेपर्यंतच नेलं आहे. याचं इथलंच उदाहरण बघा. २०१६ मध्ये भारतात पोलो जीटीआय आली, १.८ लिटर, १९२ पीएस. परदेशात तीच गाडी हाताच्या गिअरबॉक्ससह ३२० न्यूटन-मीटर देत होती. आपल्याकडे आली ऑटोमॅटिक, आणि तिला २५० वर बांधून ठेवलं होतं. इंजिन तेच, पण गिअरबॉक्सला जेवढं झेपतं तेवढंच त्याला बोलू द्यायचं.

म्हणजे दोन लिटर हवं तर गिअरबॉक्स बदलायचा, तेलात चालणाऱ्या क्लचचा, आणि तो आयात करायचा. मग ड्राइव्हशाफ्ट जाड, इंजिनाचे माउंट वेगळे, रेडिएटर आणि इंटरकूलर मोठे, पुढचे ब्रेक मोठे, म्हणून चाकं मोठी, म्हणून टायर वेगळे, म्हणून सस्पेन्शन पुन्हा बसवायचं. पुढच्या धुऱ्यावर वजन वाढलं की अपघात-चाचणीचं गणित पुन्हा तपासायचं. उत्सर्जनाची चाचणी नव्याने, तीही रस्त्यावरच्या मोजणीसह. मग ४५ अंशांच्या उन्हात एसी चालू ठेवून गर्दीत रांगणं, आणि जिथे जे पेट्रोल मिळेल ते पिणं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल निवडक शहरांत मिळतं, पण गाडी राजापूरलाही जाणार आणि तिथल्या पंपावर मिळेल ते ई-२० घेणार. इंजिनाचं ट्यूनिंग त्या पंपासाठी करावं लागतं.

इथे शर्यतीचं उदाहरण दिलं जातं, आणि ते खरंच गमतीचं आहे. फोक्सवॅगनच्या भारतातल्या मोटरस्पोर्ट विभागाने २०१७ मध्ये अमिओ कप या शर्यतीसाठी अमिओ या चार मीटरच्या आतल्या छोट्या सेडानमध्ये १.८ लिटरचं २०५ पीएसचं इंजिन आणि सिक्वेन्शिअल गिअरबॉक्स बसवला होता. म्हणजे करणारी माणसं होती आणि त्यांनी करून दाखवलं. पण त्या गाडीला वॉरंटी द्यायची नव्हती, मागच्या सीटवर सासूबाई बसणार नव्हत्या आणि पीयूसी काढायची नव्हती. बसवणं हे काम काही आठवड्यांचं असू शकतं. विकण्यालायक करणं दोन वर्षांचं असतं, आणि खर्च तिथे होतो.

तो खर्च कसा पसरतो ते गोल आकड्यांत मांडते. हे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत, रीत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा एवढ्या बदलांना ६० कोटी लागले आणि पूर्ण आयुष्यात ३,००० गाड्या विकल्या. म्हणजे विकासखर्चच गाडीमागे दोन लाख. आयात इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकं यांचा जास्तीचा भार अडीच लाख धरू. झाले साडेचार. कंपनीने एक रुपया नफा घेतला नाही तरी त्यावर डीलरचं मार्जिन आणि ४० टक्के जीएसटी चढून साडेसहा लाखांच्या पुढे जातात. सगळ्यात वरची जीटी १९ लाखांच्या आसपास धरली, तर ही साडेपंचवीसच्या वर गेली. महाराष्ट्रात २० लाख ओलांडले की पेट्रोल गाडीचा रस्ता कर १२ चा १३ टक्के होतो. विमाही किमतीच्या मागे चढतो. रस्त्यावर येईपर्यंत आकडा तीस लाखांच्या घरात. आणि हे ३,००० गाड्या विकल्या तर. ८०० विकल्या, तर विकासखर्चाचे दोन लाख साडेसात होतात आणि सगळा डोलारा बसतो.

तीस लाख घेऊन येणारा माणूस मग काय बघतो? खरी अडचण इथे आहे, आणि ती पाच-सात वर्षांपूर्वी नव्हती. दोनशे हॉर्सपॉवर चाकणमध्ये आधीच बनते. महिंद्राने २०२१ मध्ये एक्सयूव्ही-७०० आणली, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २०० पीएस, आणि तिची किंमत सुरू झाली १२ लाखांच्या आत. सात माणसं बसण्याचीही सोय असलेल्या गाडीत. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच कंपनीने बीई ६ ही विजेवरची गाडी आणली, मोठ्या बॅटरीसह २८६ पीएस, शून्य ते शंभर सातच्या आत. तीही चाकणचीच. तिच्यावर जीएसटी ५ टक्के, तुमच्या पेट्रोल सेडानवर ४०. सरकारने कराच्या रूपाने ठरवून टाकलं आहे की ताकद स्वस्तात कोणी विकायची. पेट्रोल सेडानने या शर्यतीत उतरणं म्हणजे पायाला दगड बांधून पोहणं.

या गणितात एक वाट मात्र उघडी राहते. त्या विजेच्या गाड्या दोन टनांच्या आसपास भरतात. एक्सयूव्ही उंच आहे. व्हर्टस-स्लाव्हिया साधारण साडेबाराशे किलोच्या, आणि जमिनीला धरून. वळणावर हलकेपणा आणि बुटकेपणा यांना पर्याय नाही. कितीही मोटार लावा, वजन वळायला आणि थांबायला तेवढंच मागतं. सेडानचा हा गुण आहे आणि आज तो जवळजवळ कोणीच विकत नाही.

इतिहासही त्याच दिशेला बोट दाखवतो, फक्त नीट वाचावा लागतो. रांजणगावला बनलेली फियाटची लिनिया टी-जेट आठवते का? २०१० मध्ये आली, १.४ टर्बो, ११४ पीएस, चारही डिस्क. मग त्याच कारखान्यातून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो, १४५ पीएस, ९.९५ लाखांना. त्या पैशात तेवढी ताकद दुसरीकडे कुठे नव्हती. चालवलेली माणसं अजून त्यांच्या गोष्टी सांगतात. खप मात्र झाला नाही, आणि दोष इंजिनाचा नव्हता. सर्व्हिस सेंटर विरळ, सुट्या भागांची वाट बघणं, आणि पुढे विकायला गेलं की भाव नाही. फॅमिली सेडानचा गिऱ्हाईक घेतानाच विकण्याचा विचार करतो. सातारा-सांगलीकडचा तर सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, हे आधी विचारतो. बरोबरच करतो.

टाटांनी २०१८ च्या ऑक्टोबरात कोइम्बतूरच्या जयेमबरोबर टिगोर जेटीपी आणली. तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची हीच: छोटी कौटुंबिक सेडान, १.२ टर्बो, ११४ पीएस, ७.४९ लाख. सस्पेन्शन खाली, टायर रुंद, किंमत आवाक्यात. पण २०२० च्या एप्रिलमध्ये उत्सर्जनाचा बीएस-६ नियम आला आणि जेटीपीचं नाव यादीतून गेलं. मारुतीची बलेनो आरएस, २०१७ ची, तीही त्याच सुमाराला संपली. हे तुम्ही लक्षात ठेवण्यासारखं आहे. कमी खपाच्या वेगवान आवृत्तीचं आयुष्य म्हणजे उत्सर्जनाच्या दोन नियमांमधलं अंतर. नवा नियम आला की इंजिनाचं ट्यूनिंग आणि चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, आणि तो खर्च मोजक्या गाड्यांवर पसरत नाही. साधं इंजिन लाखभर गाड्यांत जातं म्हणून तरतं. वेगळं इंजिन घातलंत तर त्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. तेच इंजिन ठेवून बाकीचं बदललंत, तर नवा नियम आला तरी तुमची आवृत्ती साध्या गाडीच्या पाठीवर बसून पलीकडे जाते.

पोलो जीटीआयचं तर वर आलंच. ती ९९ गाड्यांची होती, तीन दारांची, जवळजवळ २६ लाखांना. पुढच्याच वर्षी किंमत सहा लाखांनी खाली आणावी लागली. नव्व्याण्णवच गाड्या, तरीही.

मग काढूच नये का? तसं मी म्हणत नाही. काढण्याची कारणं आहेत, आणि ती त्या गाडीच्या नफ्यात शोधायची नसतात. आपल्याकडे गाडी घेताना घरातले लोक जाहिरात बघून ठरवत नाहीत, भाच्याला विचारतात. प्रत्येक घराण्यात एक गाडीवेडा भाचा असतो. तो म्हणतो "ही घ्या", आणि मामा, काका, शेजारचे जोशी, ऑफिसातल्या मॅडम ती घेतात. त्या भाच्याकडे स्वतःची गाडी घ्यायला पैसे असोत-नसोत, पाच-दहा गाड्या त्याच्या शब्दावर जातात. चालवायला चांगली आवृत्ती त्या भाच्यासाठी असते. व्हर्टस २०२४ मध्ये तिच्या गटातल्या पेट्रोल सेडानांत पुढे राहिली. सेडान कोणी घेत नाही म्हणतात त्या काळात राहिली, यात तिच्या चालण्याच्या नावलौकिकाचा वाटा आहे असं माझं मत आहे.

दुसरं कारण रीमॅपचं. पुण्या-मुंबईत लोक या गाड्या घेतात आणि वर्षाच्या आत इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून घेतात. ताकद वाढते, गिअरबॉक्स रेषेपलीकडे जातो, वॉरंटी जाते, आणि ब्रेक तेच राहतात. यातून मागणी आहे हे दिसतं. ती चुकीच्या ठिकाणी भागवली जाते हेही दिसतं. कंपनीने वॉरंटीसह नीट काही दिलं, तर यातले काही जण तरी तिकडे जाणारच नाहीत.

तर मी प्रस्ताव लिहिला असता तो असा. इंजिन तेच, दीड लिटर. पीएस थोडे वाढवता आले तर वाढवा, वरच्या आरपीएमला, पण २५० न्यूटन-मीटरची रेषा ओलांडू नका. हाताचा गिअरबॉक्स नक्की ठेवा, ही गाडी घेणाऱ्यांपैकी बरेच त्याच्यासाठीच येतील. पुढचे ब्रेक एक आकार मोठे, चांगले पॅड, मागे डिस्क. टायर चांगल्या पकडीचे, पण साइडवॉल इतकी पातळ नको की पहिल्याच खड्ड्यात चाक वाकेल. सस्पेन्शन कडक करा, पण खाली नेमकं किती आणायचं हे जर्मनीत ठरवू नका. आपले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत, आणि चार माणसं व सामान भरून जमिनीपासूनच्या १७९ मिलीमीटर उंचीतले किती उरतात ते सोसायटीच्या गेटवर कळतं. स्टिअरिंगमध्ये जरा जिवंतपणा. बस. यातलं बरंचसं समूहाच्या जगभरच्या कपाटात पडलेलं आहे. ब्राझीलमध्ये व्हर्टस जीटीएस होती, १.४ टर्बो, १५० पीएस, चारही डिस्क. म्हणजे ताकद आपल्या जीटीएवढीच, तरी आवृत्ती वेगळी आणि वेगळ्या नावाने विकलेली.

ब्रेकवर मी एवढी का अडले आहे, ते आकड्यांतच सांगते. चार माणसं आणि सामान धरून गाडी १,६०० किलोची. ताशी १०० वरून एकदा थांबताना ब्रेकना साधारण सहाशे किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. वेग १४० असेल तर जवळजवळ दुप्पट. आता महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा, तेराशे मीटरच्या आसपास उतार. त्या उतरणीत जिरवायची एकूण ऊर्जा शंभरावरून तीसेक वेळा थांबण्याएवढी आहे. सगळी ब्रेकवर येत नाही. टायर, हवा आणि गिअरमध्ये धरलेलं इंजिन मोठा वाटा उचलतात. पण ऑटोमॅटिक 'डी' मध्ये टाकून उतरणारा माणूस इंजिनाचा वाटा फुकट घालवतो, आणि मग वरंधात, कुंभार्लीत, आंबोलीत तो जळका वास येतो. चाचणीत आम्ही हेच बघायचो: तळाला पोचल्यावर पेडल किती आत जातं. मागच्या ड्रमवरून गाडीवेडे फार भांडतात, पण जोरात ब्रेक लावला की वजन पुढे जातं आणि बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. म्हणून पैसे मर्यादित असतील तर क्रम असा: पुढची डिस्क आणि पॅड, ब्रेक ऑइल, टायर, आणि मग मागची डिस्क. मागच्या लाल कॅलिपरला शोरूममध्ये जास्त टाळ्या पडतात म्हणून तो क्रम उलटू देऊ नये. उलटतात, ते वेगळं.

अशा आवृत्तीवर जास्तीचा खर्च गाडीमागे पाऊण-एक लाखाच्या आत बसू शकतो आणि किंमत वीसच्या थोडी वर राहू शकते. महिन्याला शंभर-दीडशे विकल्या तरी चालतात, कारण तिचं ओझं साध्या गाडीच्या लाइनवर आहे.

एवढं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगायला हवं. ब्रेक आणि चाकांचे पुरवठादार इथले मिळाले तर गणित बसतं, सगळं आयात झालं तर नाही. डीलरने मेकॅनिकना शिकवलं तर, नाहीतर पहिल्याच वर्षी तक्रारी वाढतात. एक भीती मात्र लोक उगाच घालतात, ती सरासरी कार्बनच्या नियमाची. नियम कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला आहे. समजा किलोमीटरला सरासरी १२५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या साठ हजार गाड्या विकल्या आणि त्यात १६५ ग्रॅमच्या हजार मिसळल्या, तर सरासरी पाऊण ग्रॅमही वाढत नाही. २०२७ च्या एप्रिलपासून नियम कडक होतील तेव्हा तो पाऊण ग्रॅमही कोणाला तरी जड वाटेल. पण केवळ त्याच्यामुळे आवृत्ती रद्द झाली, असं कोणी सांगितलं तर मी दुसरं कारण शोधेन.

थोडक्यात माझं मत: दोन लिटरची आरएस हवी असणाऱ्यांसाठी शे-दोनशे गाड्या आयात करा, ती जाहिरात आहे आणि जाहिरात म्हणून ठीक आहे. चाकणच्या लाइनवर मात्र तीच दीड लिटरची गाडी नीट थांबणारी आणि नीट वळणारी करा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. थांबू नका. जाहीर न झालेल्या गाडीसाठी कोणी थांबू नये. त्यातून कंपनीने आज सकाळी ठरवलं तरी शोरूममध्ये यायला दोन वर्षं जातील. दीड लिटरची जीटी घ्या. पहिले टायर झिजू द्या, मग त्याच मापाचे चांगल्या पकडीचे टायर घाला. माप वाढवायचं असेल तर कंपनीने मान्य केलेल्या मापांतच राहा, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी प्रश्न विचारते. पुढचे पॅड चांगले घाला, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, मग गाडी दहा हजार चालली असो की चाळीस. ऑटोमॅटिक घेतलीत तर घाट उतरताना हाताच्या मोडवर टाका आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धरा. रीमॅपचा मोह वॉरंटी संपेपर्यंत तरी आवरा. संपल्यावरही करायचाच असेल तर हाताच्या गिअरबॉक्सच्या गाडीवर करा. तिथे फार तर क्लचप्लेट लवकर जाते, आणि तिचं बिल माणूस सोसू शकतो.